पुसण्याआधी लिहून ठेवणारी आई

आमच्या आईला कुणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" की ती आधी समोरच्याचा चेहरा बघते. ऐकून घ्यायची तयारी दिसली तर म्हणते, "डेटाबेस सांभाळते." नाही दिसली तर म्हणते, "कॉम्प्युटरचं." शेजारच्या काकूंना वाटतं ती टायपिंग करते. आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, वाटतं तिला फोनवर लोकांवर ओरडण्याचा पगार मिळतो. दोघींपैकी आजी सत्याच्या जास्त जवळ आहे.

खरं काम असं आहे. आईची कंपनी छोट्या दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवते. दातांचे, डोळ्यांचे, कानांचे आणि दोन जनावरांचे, असे एकूण बासष्ट दवाखाने. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरवर प्रत्येकाची स्वतंत्र खोली, तिला स्वतंत्र कुलूप. नवा दवाखाना आला की नवी खोली बांधायची, कुणी सोडून गेलं की पाडायची. बांधायची म्हणजे पायापासून नाही, आधीच्या एखाद्या खोलीची हुबेहूब नक्कल करायची आणि दारावर नवी पाटी लावायची. यात अवघड काय आहे, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी त्यांना जेवताना कुणी वाढलं नाही.

अवघड हे आहे, की ना बांधणं एका क्षणात होतं ना पाडणं. हजारो फायली एकेक करून उतरवल्या जातात, एकेक करून पुसल्या जातात, आणि वीज काही विचारून जात नाही. मध्येच गेली तर खोली अर्धी बांधलेली राहते. किंवा त्याहून वाईट, अर्धी पाडलेली. यादीत नाव आहे, दारावर पाटी आहे, दार उघडावं तर आत दोन भिंती उभ्या आणि जमीन गायब.

हे एकदा झालंही. आठ-नऊ महिन्यांपूर्वी एक दातांचे डॉक्टर कंपनी सोडून गेले. त्यांचा डेटाबेस पुसता पुसता सर्व्हर बंद पडला. परत उठला तेव्हा त्याला काही आठवेना. अर्ध्या फायली गेलेल्या, आणि नाव यादीत साळसूदपणे उभं. चार दिवसांनी डॉक्टरांचं मन बदललं. ते जुन्याच पासवर्डनं आत शिरले. पेशंटची नावं सगळी होती, पण एकाच्याही तोंडात दात नव्हते.

तेव्हापासून आईनं साहेबांच्या मागे लकडा लावला. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस भला आहे, पण देवानं त्यांच्या तोंडात एकच वाक्य घातलंय आणि ते त्यांनी जपून ठेवलंय.

"साहेब, पुसायला लागण्याआधी यादीत त्या नावापुढे खूण करायची, की हा जातोय. ती खूण डिस्कवर पक्की बसली की मग पहिली फाईल पुसायची. मध्ये काही झालं तर उठल्यावर कळेल की हा जाणारा होता. मग आत कुणाला सोडायचं नाही. राहिलेलं पुसायचं, एवढंच करता येईल."

"होऊन जाईल."

"कधी?"

"होऊन जाईल हो."

"पण करणार कोण?"

"तुम्हीच की. तुमच्याशिवाय आहे कोण आपल्याकडे."

"आणि त्याला वेळ?"

"तोही होऊन जाईल."

तो वेळ मग आमच्या रविवारातून गेला. सहा रविवार आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि आम्ही सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवलो. आजी येताजाता म्हणायची, "काय ते पुसायला एवढं? आमच्या वेळी फडकं मारलं की झालं." आई म्हणायची, "हो ना, तसंच चाललंय सध्या. म्हणून तर बसलेय."

पुसण्याचं झालं तेव्हा कळलं की ते सोपं प्रकरण होतं. अवघड प्रकरण पुढे होतं, आणि त्याचं नाव डेमोदादा.

सर्व्हरला एक चांगली सवय असते. तो काहीही करण्याआधी एका वहीत लिहितो, फक्त पुसणं तेवढं पुरं झाल्यावर लिहितो. तिला लॉग म्हणतात. कोसळला तर उठल्यावर तो वही उघडतो आणि जिथपर्यंत खात्री आहे त्या ओळीपासून पुढचं सगळं पुन्हा करतो. शहाणा प्राणी आहे. आता डेमोदादा. हा नव्या दवाखान्यांत जाऊन सॉफ्टवेअर दाखवतो. दाखवायला त्याला दर वेळी ताजा डेटाबेस लागतो. मग तो आधीच्या डेमोची नक्कल करून नवा बनवतो आणि लगेच आधीचा पुसतो. तीनवरून चार, तीन पुसला. चारवरून पाच, चार पुसला. "मॅडम, बेसिकली मी पसारा ठेवत नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगतो.

अशात सर्व्हर कोसळला की उठल्यावर वही वाचतो, "तीनची नक्कल करून चार बनवला." मग तीन शोधायला जातो. तीन कुठून असणार? तो पुसून झालाय. तशी ओळही वहीत आहे, पण ती पुढे आहे आणि सर्व्हरमहाराज अजून तिथवर पोचलेले नाहीत. मग ते तिथेच फतकल मारून बसतात. तीन आणून द्या, तरच पुढे वाचेन. एका डेमोपायी बासष्ट दवाखाने दारात उभे.

यावर आईनं काढलेला तोडगा तिनं आजीला सुद्धा समजावून सांगितला होता, आणि आजीला समजलाही होता. एखादी खोली सापडली नाही तर अडून बसायचं नाही. वेगळ्या कागदावर तिचं नाव लिहायचं, 'हरवली', आणि पुढे वाचत जायचं. पुढे कुठे 'ही पुसली' अशी ओळ आली की कागदावरचं नाव खोडायचं. ती हरवली नव्हती, रीतसर गेली होती. वही संपली आणि कागद कोरा झाला तर दारं उघडायची. पण एक जरी नाव उरलं तरी कुणालाही आत घ्यायचं नाही. तिथेच थांबायचं आणि माणसाला हाक मारायची.

साहेबांना शेवटचा भाग पटला नव्हता. "उरलं एखादं नाव तर उरलं. बाकीच्यांना कशाला थांबवायचं?"

"उरलेलं नाव कुणाचं तरी असणार ना साहेब."

"बरं. होऊन जाईल."

आणि तीन आठवड्यांपूर्वी ते एकदाचं सर्व्हरवर बसलं.

त्यानंतर आला हा शनिवार. शनिवारी आई घरून काम करते. तिचे दोन्ही हात कीबोर्डवर असतात, म्हणून फोन स्पीकरवर असतो, आणि तिचा स्पीकर असा आहे की आमच्या घरात कुणालाही काही विचारावं लागत नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसची वीज गेली. सर्व्हरच्या बॅटरीनं अर्धा तास दम धरायला हवा होता. तिनं चार मिनिटं धरला, कारण कुणीतरी तिच्यावर चहाची किटली जोडली होती. पाऊण वाजता वीज आली, सर्व्हर उठला, वही उघडून वाचू लागला. आईनं पडद्यावर बघत बघत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, तशी तिला सवयच आहे.

"डेमो-अकरा हरवला. बारा हरवला. अकरा खोडला. तेरा हरवला. बारा खोडला, तेरा खोडला. छान. बघा, अडला नाही. वाचतोय. वाचतोय…"

कागदावर एक नाव उरलं होतं. कान-एक.

कान-एक म्हणजे कानाच्या बाईंचा दवाखाना. या बाई ऐकू न येणाऱ्या मुलांचे कान तपासतात आणि त्यांच्या कानांची मशीनं त्या तपासणीच्या मापांवर जुळवून देतात. त्या आठवड्यात एका शाळेची चाळीस मुलं त्यांनी तपासायला घेतली होती, सोमवारपासून, एकेकाला अर्धा तास. शेवटची काही त्याच दिवशी सकाळी. आणि चार वाजता तीच मुलं आईबापांसकट मशीनं लावून घ्यायला येणार होती. सगळी मापं कान-एकमध्ये. बॅकअप होता, पण मागच्या रविवारचा. त्यात या मुलांपैकी कुणीच नव्हतं.

फोन वाजला. साहेब.

"चालू का होत नाहीये?"

"कान-एक सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हणजे जागेवर नाही. फोल्डरच नाही."

"पुसलं गेलं असेल."

"पुसलं असतं तर वहीत ओळ असती. ओळ नाही. सर्व्हरनं पुसलेलं नाही, कुणा माणसाचा हात लागलाय."

"हे बघा, मला एकसष्ट दवाखान्यांचे फोन येतायत. ते जनावरांचे डॉक्टर तर काय बोलले ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. आत्ता चालू करा, कानाचं नंतर बघू."

"नंतर बघायला काही उरणार नाही साहेब. एकदा चालू झाला की तो समजणार आपलं काम झालं, आणि वहीची वाचलेली पानं फाडून टाकणार. आज सकाळी तपासलेल्या मुलांची मापं अजून त्या पानांवरच आहेत, खोलीत पोचलेलीच नाहीत."

"दोन वाजेपर्यंत बघा," साहेब म्हणाले. "मग मी माझ्या पद्धतीनं बघतो."

आईनं डेमोदादाला फोन लावला. तो कुठल्या तरी दवाखान्यात डॉक्टरांसमोर बंद पडलेलं सॉफ्टवेअर दाखवत बसला होता.

"तू कान-एकला हात लावलास?"

"मॅडम, ॲक्च्युअली नाही. बेसिकली मी फक्त माझंच पुसतो."

"नक्की?"

"मॅडम, आईशप्पथ. बेसिकली."

"हलवलं, नाव बदललं, काही?"

"ॲक्च्युअली मला येतच नाही ते."

हे आईला पटलं. तिनं सर्व्हरवर लांबून शोधाशोध केली. आतली प्रत्येक डिस्क, प्रत्येक कोपरा. कान-एकच्या जागी फोल्डर नव्हतंच, फक्त एक शॉर्टकट होता, आणि तो ज्या डिस्ककडे बोट दाखवत होता ती डिस्कच नव्हती. म्हणजे कुणीतरी खोली उचलून दुसरीकडे ठेवली होती आणि मग ती दुसरी जागाच उचलून नेली होती. बाबांनी दारातून विचारलं, "जेवायचं का?" आई म्हणाली, "तुम्ही घ्या वाढून." बाबांनी घेतलं वाढून, पण स्वयंपाकघरात उभ्यानंच खाल्लं. आजीनं टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र मात्र चालू ठेवलं.

दोन वाजायला पाच मिनिटं कमी असताना साहेब परत. यावेळी मागे पंख्यांची घरघर, म्हणजे ते स्वतः सर्व्हरच्या खोलीत उभे होते.

"केलं मी."

आईचे हात थांबले. "काय केलंत?"

"तो शॉर्टकट काढला, कान-एक नावाचं रिकामं फोल्डर बनवलं. आता त्याला सापडेल ना. हेच हवं होतं ना त्याला?"

"साहेब, एंटर दाबलंत?"

"कशाला?"

"चालू करायला. दाबलंत का?"

"दाबणार होतो. तर पासवर्ड मागतोय."

"कुणाचा?"

"तुमचा. सांगा."

आमच्या घरात भांड्यांचा आवाज सुद्धा थांबला.

"अहो, सांगा ना."

"नाही सांगणार."

"नाही म्हणजे? मालक मी आहे की तुम्ही?"

"तुम्हीच आहात. म्हणून चार वाजता त्या बाईंना तोंड तुम्हाला द्यावं लागणार. त्या उघडून बघतील, आत सगळं कोरं. चाळीस आईबाप समोर बसलेले. मी काय सांगू, साहेबांनी रिकामं फोल्डर बनवलं म्हणून?"

"तुम्ही मला धमकी देताय?"

"मी तुम्हाला विचारतेय, सर्व्हरच्या खोलीची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि मेहुण्याकडे."

"मेहुणा कुठे आहे?"

"असेल इकडेच कुठे तरी. त्याचा काय संबंध, तो फक्त मशिनं पुसतो, वायरी बघतो."

आईनं तिथेच फोन ठेवला. साहेबांच्या आधी फोन ठेवायची ही तिची पहिलीच वेळ असावी, कारण ठेवल्यावर ती क्षणभर फोनकडे बघत राहिली. मग मेहुण्याला लावला. सातव्या घंटीला उचलला. मागे कात्रीची टकटक आणि कुणाचा तरी आवाज, "मान खाली."

"कान-एक फोल्डर काढलंस का रे?"

"नाही ताई."

"खरं सांग."

"खरंच नाही काढलं. हलवलं."

आईनं कपाळाला हात लावला. "कधी?"

"काल संध्याकाळी. मोठी डिस्क भरत आली होती ताई, लाल दिवा लागत होता. दाजी म्हणाले, बघ काहीतरी. मग सगळ्यात जाडं फोल्डर बघितलं, दवाखाना बंद झाल्यावर ते बाहेरच्या जुन्या डिस्कवर ठेवलं आणि जागेवर शॉर्टकट टाकला. सकाळी चाललं ना बाईंचं? कुणाला कळलं सुद्धा नाही."

"तेच झालं, कुणाला कळलं नाही. डिस्क कुठे आहे आता?"

"सुरक्षित आहे."

"कुठे सुरक्षित?"

"माझ्या पिशवीत. वीज गेली ना, म्हटलं येताना झटका बसला तर आतलं जायचं. म्हणून लगेच काढून घेतली." आणि जरा थांबून, शाबासकीची वाट बघितल्यासारखं, "बरं केलं ना?"

आईचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आजी पुटपुटली, "बोल गं, मनात ठेवू नकोस." पण आई फार शांतपणे म्हणाली, "पिशवी घे आणि आत्ताच्या आत्ता ऑफिसला जा."

"ताई, एकच बाजू झालीय. डावी राहिलीय."

"डावी राहू दे."

"लोक हसतील."

"हसू देत. निघ."

तो पोचायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात साहेबांचे सहा फोन आले. पहिल्या तीनमध्ये ते रागावलेले होते, चौथ्यात मेहुण्यावर रागावलेले होते, पाचव्यात त्यांनी विचारलं की लाल दिव्याबद्दल आपण त्याला नेमकं काय म्हणालो होतो ते कुणाला आठवतं का, आणि सहाव्यात म्हणाले, "हा आलाय. हे काय केलंय डोक्याचं?"

"दाजी, ते ताई म्हणाल्या निघ."

"साहेब, आधी तुम्ही बनवलेलं रिकामं फोल्डर काढायचं," आई म्हणाली. "पण काढण्याआधी नाव मोठ्यानं वाचा. आत काय आहे तेही वाचा."

"कान-एक. आत काही नाही."

"नक्की? दुसरं कुठलं निवडलेलं नाही ना?"

"अहो, एवढं येतं मला."

"वाचा परत."

साहेबांनी परत वाचलं, शाळेतल्या मुलासारखं. मग काढलं. मेहुण्यानं डिस्क जोडली, आईनं इकडून कान-एक जागच्या जागी परत उतरवलं. शॉर्टकट वगैरे काही नाही, सरळ जागेवर. फायली मोजल्या, डिस्कवर जितक्या तितक्याच इथे. उतरवण्यातच अर्धा तास गेला. सव्वातीन झाले. मग तिनं पासवर्ड टाकला आणि सर्व्हर वही पहिल्यापासून वाचू लागला.

"अकरा हरवला. बारा हरवला. अकरा खोडला. तेरा हरवला. बारा खोडला. तेरा खोडला." आई खुर्चीत पुढे सरकली. कान-एकच्या ओळी आल्या, एकामागून एक, आणि सरळ खोलीत जाऊन बसल्या. वही संपली. कागद कोरा. दारं उघडली.

"झालं?" साहेब.

"झालं."

"बघा, मी म्हणत होतो ना, होऊन—"

आईनं फोन ठेवला. आज दुसऱ्यांदा. यावेळी फोनकडे बघितलं सुद्धा नाही.

तिनं कानाच्या बाईंना लावला. बाईंच्या मागे पोरांचा गलका आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज.

"ताई, दुपारभर काय झालं होतं हो? मला वाटलं माझंच इंटरनेट गेलं."

"थोडं अडलं होतं. बाई, एक काम करा. एकेका मुलाचं पान उघडा आणि मापं दिसतायत का बघा. मी फोनवर आहे."

"सगळी मुलं?"

"सगळी. मोजत बघा."

बाई मोजू लागल्या. त्यांचं मोजणं म्हणजे नुसतं मोजणं नाही. "सात, ही आहे. हिचा उजवा कान बरा आहे. आठ, हा. हा फार दंगा करतो हो ताई. नऊ. नऊ कुठे… हां, नऊ आहे." आई प्रत्येक आकड्याला मान हलवत होती. वीसच्या पुढे बाबाही दारात येऊन उभे राहिले. बत्तीसपासून पुढची ती सकाळची मुलं, वहीच्या पानांवर राहिलेली. बत्तीस आहे. तेहतीस आहे. चौतीस, पस्तीस. आजीनं टीव्ही बंदच करून टाकला. साहेबांचा फोन मध्ये मध्ये वाजत होता, आई तो न बघता बंद करत होती.

"एकोणचाळीस," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

"चाळीस?"

"चाळीस नाही दिसत."

आईचा चेहरा उतरला. "पान आहे का?"

"नाव आहे. आत मापं नाहीत."

"थांबा." आई वहीत शिरली. सकाळच्या सगळ्या ओळी, एकेक. त्या मुलाचं नाव दोनदा, तीनदा शोधलं. "बाई, याची एकही ओळ नाही. सकाळी टाकली होतीत का? किती वाजता?"

"बघते हं." कागदांची सळसळ. एक मूल मोठ्यानं रडायला लागलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. "अहो, हा आलाच नव्हता."

"काय?"

"सर्दी झाली होती त्याला. कान चोंदलेले असले की मापं चुकतात, म्हणून मीच म्हटलं पुढच्या बुधवारी आण. शाळेनं नाव दिलं होतं म्हणून यादीत आहे बघा."

आईनं खुर्चीला पाठ टेकली. मग म्हणाली, "बाई, हे आधी सांगायचं होतंत."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात मोजा. मी मोजले." मागे मशीनची बारीक शीळ ऐकू आली आणि एका मुलाचा लांबलचक "आ". "ठेवते हं ताई. पहिला बसलाय खुर्चीत."